अकरा भरायला त्यांना बोलावू नका

प्रति,
पुण्यातल्या फुटबॉल लीगचे पदाधिकारी, क्लबचे सेक्रेटरी, मॅनेजर आणि प्रशिक्षक

सप्रेम नमस्कार.

आठ-दहा वर्षांपूर्वी लीग सोडून गेलेले खेळाडू परत येताहेत. कोणी नोकरीपायी बंगळुरूला किंवा आखातात गेला होता, कोणी बोटीवर, कोणी फौजेत. काहींचा तर संघच उरला नाही. २००७ साली सुरू झालेला पुणे एफसी हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरा आला आणि पुढे काही वर्षांतच बंद पडला. भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला, डीएसके शिवाजीयन्स दोन. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला आणि २०१९ ला गेला. त्या काळात जे विशीत होते ते आज पस्तिशीच्या आगेमागे आहेत. त्यांचा पहिला टच शाबूत आहे, पास कुठे द्यायचा हे त्यांना न बघता कळतं. असा एक माणूस मधल्या फळीत असला की अठरा-एकोणीस वर्षांची पोरं चार सामन्यांत शहाणी होतात. म्हणून तो टिकायला हवा, आणि टिकवणं बरंचसं तुमच्या हातात आहे. मैदानाच्या कडेला काम करणारे आम्ही काही प्रशिक्षक, फिजिओ आणि रेफरी मिळून हे पत्र त्यासाठी लिहितो आहोत.

सगळं बिघडतं ते शनिवारी रात्रीच्या फोनवर. "उद्या दोघं येत नाहीयेत रे. स्टडचे बूट आहेत ना तुझ्याकडे? नुसता स्टॉपरला उभा राहा." स्टॉपरला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध, कोणीच नुसतं उभं राहत नाही. विसाव्या मिनिटाला डोक्यावरून लांब चेंडू पडतो, समोरचा पोरगा सुटतो आणि या माणसाला गर्रकन वळून तीस मीटर जीव तोडून पळावं लागतं. गेल्या पाच वर्षांत तो असा एकदाही पळालेला नसतो. मांडीचा मागचा स्नायू तिथेच जातो. सहा-आठ आठवडे घरी, ऑफिसात लंगडत जाणं, बायकोची बोलणी, आणि मग तो पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "अहो, तो दर बुधवारी टर्फवर खेळतो, फिट आहे." हा गैरसमज आधी काढू या. बाणेर, कोथरूड, खराडीला रात्री दिव्यांखाली जे पाच-पाच जणांचं फुटबॉल चालतं, त्यात माणूस आठ-दहा मीटर पळतो की जाळी येते. वेग धरण्याआधीच थांबावं लागतं. वळणं, चटकन पास, छोट्या जागेतला दम हे सगळं त्यातून मिळतं, आणि ते कामाचंही आहे. पण मांडीच्या मागच्या स्नायूवर सगळ्यात जास्त ताण येतो तो पूर्ण वेगात पळताना, पाय पुढे फेकला जाऊन जमिनीला टेकायच्या अगदी आधी. तो वेग यायला तीस-चाळीस मीटर मोकळी जागा लागते. अकरा जणांच्या सामन्याचं मैदान नियमाने किमान ९० मीटर लांब असतं. म्हणजे टर्फवर पाच वर्षं खेळलेल्या माणसाच्या त्या स्नायूला लीगच्या मैदानाची ओळखच नसते.

सिंहगडाचंही तेच. दर रविवारी गड चढणाऱ्याचं हृदय आणि फुप्फुसं उत्तम असतात, गुडघ्यावरच्या स्नायूंत ताकद असते. पण चढणीवर पाय लांब टाकला जात नाही, एकदम थांबावं लागत नाही, कोणी खांदा मारत नाही. वेताळ टेकडीवर पळणारे आणि हाफ मॅरेथॉनवाले सरळ रेषेत एका लयीत पळतात. जांघेचे स्नायू आणि घोटे, म्हणजे आडवं सरकताना ज्यांच्यावर भार येतो ते, तसेच कच्चे राहतात. पाया म्हणून हे सगळं चांगलं आहे, पण त्यावर बारा आठवड्यांचं काम करावं लागतं.

बाराच आठवडे का? नियमित सराव सुरू केला की दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो. स्नायूंत ताकद यायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. टाचेमागची शीर आणि गुडघ्याखालची शीर (शीर म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारं टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) यांना मात्र महिने लागतात. म्हणून सगळ्यात धोक्याचा काळ पहिला आठवडा नसतो, चौथा-पाचवा असतो. धाप लागत नाही, माणसाला हुरूप येतो, प्रशिक्षकालाही तो तयार वाटतो, आणि शिरा अजून अर्ध्या वाटेवर असतात. या टप्प्याला त्याला हात धरून थांबवणं हे मॅनेजरचं खरं काम आहे.

पहिले चार आठवडे सामना नाही, सरावातलाही नाही. आठवड्यातून तीन दिवस घरी किंवा मैदानावर ताकदीचं काम. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर उचलायची आणि सावकाश खाली न्यायची. प्रत्येक पायाने सलग २५ वेळा जमलं पाहिजे. सुरुवातीला बहुतेकांची मजल बारा-पंधरावर अडते आणि दोन पायांत तीन-चारचा फरक निघतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मग पाठीवर झोपून एक टाच खुर्चीवर ठेवायची, दुसरा पाय हवेत, कंबर वर उचलायची. हे एका पायाने २५ वेळा जमेपर्यंत वाढवत न्यायचं. २० च्या आत असताना पूर्ण वेगात पळू देऊ नका. जांघेसाठी कुशीवर आडवं होऊन वरचा पाय बाकावर ठेवायचा आणि त्याच्या जोरावर अंग उचलायचं.

नॉर्डिकचा व्यायाम तुम्हाला माहीत असेलच. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, पाठ ताठ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळाच. उत्साहाने दहा केले की दोन दिवस जिना उतरता येत नाही आणि मग माणूस तो व्यायामच सोडून देतो. सामन्याच्या आदल्या दिवशी हा घेऊ नका.

तिसऱ्या आठवड्यापासून सरळ पळणं. चाळीस मीटरवर दोन खुणा मांडा, सहा फेऱ्या, पहिल्या दिवशी पूर्ण वेगाच्या ६० टक्क्यांनी. परत येताना चालत यायचं, वर एक-दोन मिनिटं थांबायचं. दम वाढवणं हा इथला हेतूच नाही, त्यामुळे विश्रांती कापू नका. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वेग वाढवा. सातव्या आठवड्याच्या आसपास तो नव्वद टक्क्यांच्या वर जाईल. त्यानंतर हंगामभर आठवड्यातून एकदा तरी तो वेग पायांना दाखवावा लागतो, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात त्याला संघाच्या सरावात घ्या. फिफाचा ११+ हा वॉर्म-अप वीस मिनिटांचा आहे. आठ मिनिटं हलकं पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं वेगात पळणं. नीट आणि नियमित केला तर दुखापती ठळकपणे कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. मैदानाला दोन चकरा आणि जागेवर उभं राहून पाय ताणणं याने ते साधत नाही. सरावाचा सामना आधी १५-२० मिनिटं, मग अर्धा तास. नवव्या आठवड्यापासून सामन्यात बेंचवरून. २० मिनिटं, पुढच्या आठवड्यात ३०, मग ४५. पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवाल तेव्हा साठाव्या मिनिटाला बाहेर काढायचं हे आधीच ठरवून ठेवा, संघ मागे असला तरी. दोन सामन्यांत पहिल्या हंगामात आठवड्याचं अंतर असावं.

पोटरीबद्दल थोडं सविस्तर, कारण टचलाइनवर सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पोटरीत गोळा आला तर पाय ताणला की काही मिनिटांत सुटतो. दुखणं पोटरीच्या आतल्या अंगाला एकाच जागी असेल, बोटाने दाखवता येत असेल आणि ताणल्यावर वाढत असेल, तर स्नायू फाटला आहे. तिथे ताणणं आणि चोळणं दोन्ही बंद. टाचेमागची शीर तुटते तेव्हा खेळाडू हमखास मागे वळून बघतो, कोणीतरी लाथ मारली असं त्याला वाटतं, आणि मागे कोणी नसतं. कधी 'फट्' असा आवाजही येतो. त्यानंतर तो लंगडत चालू शकतो, पाऊल थोडं हलवूही शकतो, म्हणून सगळे म्हणतात लचकलंय. त्याला बाकावर पालथं झोपवा, पावलं कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी मुठीत धरून दाबा. पाऊल आपोआप खाली झुकायला हवं. चांगल्या पायाला करून बघा, फरक लगेच दिसेल. झुकलं नाही तर शीर तुटल्याचं धरून चाला आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या, पाऊल खाली झुकलेलं ठेवून. मालिश नाही, हाडवैद्य नाही. अजून एक, जे फार कमी लोक विचारतात: गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनचा कोर्स झाला आहे का? या जातीच्या अँटिबायोटिकने शिरा कमकुवत होऊ शकतात. झाला असेल तर उड्या आणि वेगाचं पळणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पावसाळ्यात पुण्यात डेंगी आणि चिकनगुनिया असतोच. अंगात ताप असताना खेळवणं हृदयाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. डेंगीनंतर प्लेटलेट पूर्ववत झाल्याचा रिपोर्ट येईपर्यंत धक्काबुक्कीचा खेळ नको. चिकनगुनियाची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते, तिला आळस समजू नका. आणि सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरायची सवय मोडून काढा. दुखणं झाकलं जातं, आणि उन्हात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडावर ताण येतो.

आता हृदयाबद्दल. पस्तिशीनंतर मैदानावर अचानक कोसळण्याचं मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा हे असतं. परत येणाऱ्या प्रत्येकाने आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करावा, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर तो सांगावा, आणि ट्रेडमिलची चाचणी लागेल का ते डॉक्टरांना ठरवू द्यावं. विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. पळताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही सांगितलं की त्या दिवशी खेळ बंद आणि थेट दवाखाना. "ॲसिडिटी असेल" हे वाक्य बेंचवर कोणी बोलू नये.

कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला तर हृदय थांबलं असंच समजून धावा. हातपाय झटकले जाऊ शकतात, म्हणून लोकांना मिरगी वाटते आणि कांदा, चप्पल हुंगवण्यात मोलाची मिनिटं जातात. अधूनमधून घशातून येणारा उसासा म्हणजे श्वास नव्हे. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एकाने १०८ लावायचा, एकाने डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र) आणायला पळायचं. शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. लीगच्या पदाधिकाऱ्यांना इथे एक कळकळीची विनंती: प्रत्येक मैदानावर एक डिफिब्रिलेटर ठेवा, आणि सामना सुरू होण्याआधी मोठ्या फाटकाची किल्ली कोणाकडे आहे हे रेफरीला सांगण्याची पद्धत पाडा. रुग्णवाहिका रस्त्यावर आणि फाटकाला कुलूप, ही वेळ येऊ देऊ नका.

बुटांकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून तेही सांगतो. माळ्यावरून काढलेला दहा वर्षांपूर्वीचा जोड वरून नवाकोरा दिसतो. तो हातात घ्या, पुढचा भाग वाकवा आणि तळव्याच्या कडेला अंगठ्याने दाबा. भुगा निघाला, तडा गेला किंवा कडेची चिकटपट्टी उघडली तर तो बूट संपला. पॉलियुरेथेनचा तळवा नुसता पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने कुजतो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत अख्खा सुटून येतो. धातूच्या सहा स्टडचे बूट फक्त भर पावसातल्या चिखलात. दिवाळीनंतर आपली मैदानं मुरमासारखी कडक होतात, तिथे लांब स्टड घुसत नाहीत, सगळा भार तळपायावर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. तिथे आखूड रबरी गुट्ट्यांचे बूट घाला. नवीन जोड आधी तीन-चार सरावांत वापरा.

नोंदणीत अडकून बसणारेही पुष्कळ. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत खेळाडूची जुनी नोंद असेल तर तीच शोधून काढा. नव्या ईमेलवरून दुसरं खातं उघडलं की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि निस्तरण्यात हंगाम जातो. आधार आणि जन्मदाखला यांतलं नावाचं स्पेलिंग आधीच जुळवून घ्या. परदेशात त्या देशाच्या महासंघाशी संलग्न क्लबकडून नोंदणी करून खेळला असेल, तर हौशी असला तरी आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. फिफाच्या नियमाने खेळणं थांबवल्यावरही नोंद शेवटच्या क्लबच्या महासंघाकडे ३० महिने राहते, आणि ते मोजायचे शेवटच्या अधिकृत सामन्यापासून. ऑफिसातल्या मित्रांबरोबर भाड्याच्या मैदानावर खेळला असेल तर यातलं काही नाही. व्यावसायिक करार असलेला खेळाडू हौशी म्हणून परततो तेव्हा शेवटच्या व्यावसायिक सामन्यानंतर किमान ३० दिवस जावे लागतात. हे सगळं नोंदणीच्या अर्जावर सरळ विचारलं तर पुढे सामना गमावण्याची वेळ येणार नाही.

खेळाचे नियमही मधल्या काळात बदलले, आणि परत आलेला खेळाडू त्यावरून रेफरीशी वाद घालतो. किक-ऑफ मागे मारता येतो, २०१६ पासून. गोल-किक पेनल्टी एरियाच्या बाहेर जाण्याची वाट पाहायची नाही, २०१९ पासून. बदली होणाऱ्याने जवळच्या रेषेवरून बाहेर जायचं, रमतगमत बेंचकडे चालत यायचं नाही. थांबलेला खेळ पुन्हा सुरू करायचा ड्रॉप-बॉल आता एकाच खेळाडूला मिळतो, दोघांची झटापट नाही. फ्री-किकच्या वेळी बचाव करणाऱ्यांच्या तीन किंवा अधिक जणांच्या भिंतीपासून चढाई करणाऱ्यांनी एक मीटर लांब राहायचं. २०२५-२६ पासून गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त चेंडू हातात धरला तर कॉर्नर मिळतो, आणि शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. मॅनेजरसाहेब, कार्ड आता तुम्हालाही दाखवता येतं. हंगामाआधी एक तास सगळ्या संघांना एकत्र बसवून हे सांगितलं तर मैदानावरची निम्मी भांडणं टळतील.

लीगकडे आणखी एक मागणं. खालच्या विभागांत आणि ज्येष्ठांच्या स्पर्धेत बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकेल अशी बदली सुरू करा. नियमांच्या पुस्तकात स्थानिक हौशी आणि ज्येष्ठ फुटबॉलसाठी याची मुभा आहे, त्यासाठी राष्ट्रीय महासंघाची संमती लागते, ती मिळवण्यासाठी प्रयत्न करा. अडतीस वर्षांचा माणूस २० मिनिटं खेळून, १५ मिनिटं बसून पुन्हा २० मिनिटं खेळू शकला तर तो तीन हंगाम टिकेल. सलग सत्तर मिनिटं खेळवलात तर एकही नाही. ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारचे सामने या विभागांना देऊ नका.

आणि वेळापत्रक लावताना गणपतीचं भान असू द्या. यातले कितीतरी जण ढोल पथकात आहेत. गणपतीआधीचे दोन महिने रोज संध्याकाळी कमरेला ढोल बांधून उभं राहायचं, म्हणजे कंबर आणि जांघ आधीच थकलेली. त्या आठवड्यांत त्यांचं पळणं निम्मं करा, ताकदीचं काम चालू ठेवा. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सामना ठेवूच नका. रात्रभर मिरवणुकीत चाललेल्या पायांनी कोणी खेळू नये. तसंच, सकाळच्या सामन्याआधी मिसळ नको. तीन तास आधी पोहे किंवा उपमा, तासभर आधी केळं.

क्लबच्या सेक्रेटरींनी एवढंच करावं: लीगचा पहिला सामना ज्या तारखेला आहे, तिथून बारा आठवडे मागे मोजून कॅलेंडरवर खूण करावी. फोन त्या दिवशी करा. स्टड आहेत का हे नंतर विचारता येईल. आधी विचारा, एका पायावर टाच किती वेळा उचलता येते.

कळावे.

आपले,
पुण्यातल्या मैदानांवरचे काही प्रशिक्षक, फिजिओ आणि रेफरी